आंतरराष्ट्रीय सेवकाची निष्ठा कोणाशी?

(पक्षाच्या अभ्यासवर्गातील भाषण)

सचिवालयातील कर्मचाऱ्याने कोणत्याही सरकारकडून आदेश मागू नयेत व स्वीकारू नयेत, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेचे १००वे कलम सांगते. कम्युनिस्ट माणूस ही अट पाळूच शकत नाही, हा भांडवली जगाचा जुना आक्षेप. तो तपासण्यासाठी एका चिनी मुत्सद्द्याचा जीवनक्रम मी आपल्यापुढे ठेवतो.

तांग मिंग-चाओ यांचा जन्म १९१० साली क्वांगतुंग प्रांतात झाला. बालपणीच ते अमेरिकेत गेले. शिक्षणासाठी मायदेशी आले असता १९३१ साली ते चिनी कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. पुन्हा अमेरिकेत गेल्यावर त्यांनी न्यूयॉर्कमधील चिनी धुलाईवाल्यांच्या संघटनेत काम केले. १९३३ मध्ये ही संघटना उभी राहिली, कारण नगर प्रशासनाने लहान धुलाईवाल्याकडून २५ डॉलर परवाना शुल्क व १,००० डॉलरचा जामीन मागितला होता. एकजुटीमुळे हे आकडे अनुक्रमे १० व १०० डॉलरवर आले. १९४० साली निघालेल्या ‘चायना डेली न्यूज’ या चिनी दैनिकाच्या संस्थापकांतही तांग होते. १९५० मध्ये ते चीनला परतले.

त्यानंतर ‘तटस्थते’चा खरा चेहरा अमेरिकेनेच दाखविला. राष्ट्रसंघात काम करणाऱ्या आपल्या नागरिकांची राजनिष्ठा तपासण्याचा हुकूम तिने १९५३ मध्ये काढला. साक्ष देण्यास नकार दिल्याबद्दल अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांना देववलेली भरपाई महासभा नाकारू शकत नाही, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाला १९५४ मध्ये द्यावे लागले. १००वे कलम प्रथम कोणी तुडविले, हे यावरून ध्यानात यावे.

२५ ऑक्टोबर १९७१ रोजी ७६ विरुद्ध ३५ मतांनी जनवादी चीनला त्याची जागा मिळाली. भारताचे मतही बाजूने होते. १९७२ मध्ये तांग राजकीय व्यवहार, विश्वस्त प्रदेश व वसाहतमुक्ती या खात्याचे उपमहासचिव झाले व १९७९ पर्यंत त्या पदावर राहिले. याच काळात गिनी-बिसाउ, मोझांबिक आणि अँगोला पोर्तुगालच्या जोखडातून सुटले. १९६० साली महासभेने पोर्तुगालच्या ज्या वसाहतींची यादी केली होती, तीत हे तिन्ही देश होते आणि आपला गोवाही होता.

परंतु येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. अँगोलात चीन सरकारने एम.पी.एल.ए.च्या प्रतिस्पर्धी गटाला साहाय्य केले. नोव्हेंबर १९७६ मध्ये सुरक्षा समितीपुढे अँगोलाच्या सदस्यत्वाचा प्रश्न आला, तेव्हा चीनने मतदानात भागच घेतला नाही. वसाहतमुक्ती खात्याच्या शिरोभागी मात्र चिनी कम्युनिस्टच बसलेला होता! सरकारचे हितसंबंध आणि सनदेचे कर्तव्य यांतील अंतर याहून स्पष्ट कोठे दिसेल? मोठ्या राष्ट्रांना वरची पदे वाटून देण्याचा प्रघात आहे, तोवर प्रत्येक अधिकाऱ्यापुढे हा पेच राहणारच.

कॉम्रेड्स, वसाहती कार्यालयातील टिपणांनी मुक्त झाल्या नाहीत. त्या लढवय्या जनतेने मुक्त केल्या. पण त्या जनतेचे गाऱ्हाणे नोंदवून जगापुढे मांडणारे कार्यालय निरर्थक नव्हते. वर्गहीन तटस्थता हा भ्रम आहे. म्हणून अधिकाऱ्याला एवढेच विचारावे : त्याचे टेबल कोणासाठी उघडे राहिले, सत्ताधाऱ्यांसाठी की पारतंत्र्यातील जनतेसाठी? हा प्रश्न साम्राज्यवाद्यांच्या माणसांना विचारायचा, तसाच आपल्याही माणसांना विचारायचा.