जिभेच्या ऑपरेशननंतरचं जेवणं आणि बोलणं

(१९८१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



माझं बोलणं हळू आहे आणि काही अक्षरं नीट ऐकू येणार नाहीत, म्हणून भाषणाच्या प्रती आधीच वाटल्या आहेत. पुढच्या रांगेतल्या सर-बाईंनी शुद्धलेखनाच्या चुका जरूर काढाव्यात. उच्चाराचे मार्क मात्र आज कापू नयेत.

चार वर्षांपूर्वी माझ्या जिभेच्या डाव्या कडेला कॅन्सर निघाला. पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात : तंबाखू खायचीस का? मशेरी लावायचीस का? नाही. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण तंबाखू आणि सुपारी हेच आहे, यात शंका नाही. पण काही जणांना यातलं काहीही न करता तो होतो, त्यांतली मी एक. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. ऐकणाऱ्याला मात्र चौकशी समितीपुढे बसल्यासारखं वाटतं, एवढं सांगते आणि पुढे जाते.

डॉक्टरांनी जवळजवळ अर्धी जीभ काढली आणि त्या जागी माझ्याच डाव्या हाताचं, मनगटाच्या वरचं कातडं बसवलं. नुसतं कातडं नाही, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट. त्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडल्या. हातावर मांडीचं पातळ कातडं लावलं, हा पाहा तो चौकोन. ही पद्धत चीनमधल्या डॉक्टरांनी १९८१ साली प्रसिद्ध केली, म्हणजे आपण दहावीचा पेपर देत होतो तेव्हा. पहिले काही दिवस सिस्टर तासातासाला येऊन त्या कातड्याचा रंग आणि ऊब बघायच्या, रक्त नीट फिरतंय ना म्हणून. गळ्यात श्वासाची नळी, नाकात जेवणाची नळी. बोलणं बंद. मुलाने पाटी आणून दिली. पन्नाशी उलटल्यावर मी परत पाटीवर लिहायला लागले!

मानेवरच्या या लांब व्रणाबद्दलही विचारतात. गाठ हाताला लागत नसली तरी मानेतल्या ग्रंथी जिभेबरोबरच काढाव्यात का, यावर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये मोठा अभ्यास झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. हे आकडे कळल्यापासून या व्रणावर पदर ओढणं मी बंद केलं. त्या ऑपरेशनने खांदा मात्र आखडतो. केस विंचरायला, दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर जात नाही. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम मी अजून रोज करते.

आता जेवण. नवं कातडं आपणहून हलत नाही आणि त्याला चवही नाही. ते फक्त जागा भरतं. घास गोळा करणं, दाढेखाली सरकवणं, मागे ढकलणं, हे सगळं उरलेल्या अर्ध्या जिभेने करायचं. त्यात नंतर रेडिएशनच्या ३० बैठका झाल्या, आठवड्याला पाच. त्याने लाळ आटली. ही पाण्याची बाटली तेव्हापासून माझ्या हातात आहे. कित्येक महिने सगळं कागदासारखं लागायचं. मग हळूहळू चव आली, पुरती नाही. घरची आमटी आजही मी सुनेला चाखायला लावते.

तोंड उघडणंही कमी झालं. तुमची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा. आत्ता बघा, कोणी हसणार नाही. बहुतेकांची जातील. माझी दीड जायची. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक दातांत धरायच्या आणि रोज वाढवत न्यायच्या, असं करत करत अडीच बोटांपर्यंत आले.

पेज, नाचणीची आंबील, मऊ वरणभात, खिचडी जमते. भाकरी दुधात कुस्करून. चिवडा, चुरमुरे, कोरडे पोहे यांना लांबून नमस्कार. घास चांगल्या बाजूला जावा म्हणून मान थोडी कलती करून गिळते. नुसत्या पाण्याचा ठसका लागतो, घट्ट ताकाचा लागत नाही. एका जेवणाला पाऊण तास. आणि ओठाच्या कोपऱ्यातून कधी ओघळ येतो, तो मला कळतही नाही.

हे सगळं जमतं. अवघड आहे ते चारचौघांत जेवणं. अशा पेशंटांना फॉलोअपला एक प्रश्नावली देतात. ती युरोपातल्या कॅन्सर संस्थेची आहे आणि मराठीतही आहे. गेल्या आठवड्यात दुखलं का, तोंड कोरडं पडलं का, याबरोबर ती विचारते : घरच्यांसमोर जेवायला अडचण वाटली का? इतरांसमोर? फोनवर बोलायला? उत्तरं चार : मुळीच नाही, थोडी, बरीच, खूप. मला ते फार आवडलं. घरच्यांसमोर आणि इतरांसमोर हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे कोणाला तरी कळलं होतं. माझं पहिल्याचं उत्तर वर्षभरात ‘मुळीच नाही’वर आलं. दुसऱ्याचं अजून ‘बरीच’वर आहे. लग्नाची, बारशाची आमंत्रणं आली की मी अक्षता टाकून निघते.

आणि बोलणं. आपल्या मराठीच्या बाईंनी आठवीत फळ्यावर तक्ता काढून शिकवलं होतं : कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. तेव्हा ते फक्त पाठ केलं होतं. समजलं ते ऑपरेशननंतर. प, फ, ब, भ, म ओठांचे, ते शाबूत. क, ख, ग जिभेच्या मागच्या भागाचे, तेही बरेचसे वाचले. ट, ठ, ड, ढ, ण यांना टोक वर वळवावं लागतं, ते गेले. र थरथरत नाही. आणि आपला ळ! शाळा, फळा, बाळ, केळी, टिळक. या सभागृहात आज सकाळपासून ‘शाळा’ किती वेळा म्हटलं गेलं असेल, मोजा.

स्पीच थेरपिस्टनी शिकवलं : वेग कमी करा, वाक्य लहान ठेवा, ओठ जास्त हलवा, रोज एक पान मोठ्याने वाचा. टाळू खाली आणणारी एक कवळीसारखी प्लेटही असते, म्हणजे तोकडी जीभ तिथवर पोचते. वर्षभरात रिक्षावाल्याला पत्ता कळायला लागला. फोन अजून कठीण आहे, कारण समोरच्याला माझे ओठ दिसत नाहीत.

प्रश्नावलीत एक गोष्ट नाही, ती तुमच्यासमोर मांडायला मी आज उभी आहे. माझं वाक्य कोणी पुरं करू नका. आमचे हे प्रेमापोटी ‘ती म्हणतेय की...’ असं सुरू करतात, आणि बहुतेक वेळा मी ते म्हणत नसते. (हसताहेत बघा.) कळलं नाही तर ‘परत सांग’ म्हणा. दहादा म्हणा, मी दहादा सांगेन. पण न कळता मान डोलावू नका, ते मला लगेच दिसतं, आणि मग मी बोलायचीच थांबते. पहिल्या सहा महिन्यांत मी घरात जवळपास गप्प होते. दुखत होतं म्हणून नाही, माना डोलत होत्या म्हणून.

‘अगदी पूर्वीसारखी बोलतेस’ हेही नको. मी पूर्वीसारखी बोलत नाही, हे मला, तुम्हाला आणि टिळकांच्या ळ-ला, तिघांनाही माहीत आहे.

एक काम सगळ्यांना. तोंडातला फोड, चट्टा, कडक झालेली जागा तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दुखत नसली तरी. जेल लावत बसू नका. मागच्या रांगेतल्या मंडळींनो, गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तुमच्या खिशात काय आहे ते मला इथून दिसतंय.

आता जेवणाची सुट्टी आहे. मी डबा आणलाय, मऊ भात आणि कढी. या वेळी अक्षता टाकून निघणार नाही, खिडकीजवळच्या टेबलावर बसणार आहे. मला पाऊण तास लागेल, तेवढ्यात टेबल आवरू नका. ज्यांना गप्पा मारायच्या असतील त्यांनी माझ्या उजव्या बाजूला बसा.