ज्ञानसंगम



मच्छे येथील विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाच्या परिसराचे नाव 'ज्ञानसंगम'. १९९८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ प्रामुख्याने अभियंते घडविते. पण संगम म्हटला की एकाहून अधिक प्रवाह आलेच. यंत्रविद्येच्या शेजारी इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान नांदले, तर ते नाव अधिक सार्थ होईल.

असा संगम एका व्यक्तीत घडल्याचे उदाहरण दूरचे नाही. १९०७ साली गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. प्राचीन आहत नाणी तोलून, हातोहाती फिरताना झालेल्या त्यांच्या झिजेचा हिशेब त्यांनी संख्याशास्त्राने मांडला आणि कालक्रमाची वाट दाखविली. त्याच विद्वानाने १९४८ साली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. गणित सोडून ते इतिहासाकडे गेले नाहीत. गणित हाती घेऊनच गेले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला. कर्नाटकाने २०२१ साली चार वर्षांचा पदवीक्रम आणला आणि २०२४ साली तो पुन्हा तीन वर्षांचा केला. धोरणे बदलतात; विद्यार्थ्याचे वय मात्र थांबत नाही. सीमाभागातील मुलाच्या घरी मराठी, कचेरीत कन्नड, वर्गात इंग्रजी. संगम त्याच्या जिभेवरच आहे; त्याला पाठबळ तेवढे हवे.

ग्रंथालयात गणित आणि काव्य यांची कपाटे एकाच छताखाली असतात. तेथे वर्गणीदाराला त्याची शाखा कोणी विचारीत नाही. शंभरी गाठलेल्या ग्रंथालयाने दोन कपाटांमधली ती वाट अशीच मोकळी ठेवावी.