रहीमसाहेबांची तालीम



‘मैदान’ सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. सिनेमा म्हटला की थोडा मसाला आलाच. मला बोलायचंय ते खऱ्या सय्यद अब्दुल रहीम यांच्याबद्दल. हैदराबादचे रहीमसाहेब पेशाने शिक्षक, आणि १९५० पासून पुढे भारतीय फुटबॉल संघाचे कोच.

कोच म्हटलं की आपल्याला मैदानाच्या कडेला ओरडणारा माणूस आठवतो. रहीमसाहेबांची तऱ्हा वेगळी होती. हैदराबादेत ते अशा स्पर्धा भरवायचे, ज्यात खेळाडूने चेंडू फक्त कमजोर पायानेच मारायचा. विचार करा, उजव्या पायाचा वस्ताद तिथे एकदम नवशिका! सगळेच चुकतात, मग कोण कुणाला हसणार? ‘तुझा डावा पाय कच्चा आहे’ हे शंभरदा ऐकून पोरगं खचतं. इथे टोमणा न मारता तोच पाय तयार होतो.

१९६२ची जकार्ता एशियाड. पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलो. पुढे थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला मार बसला, टाके पडले. रहीमसाहेबांनी त्यांना बाजूला टाकलं नाही. सेमीफायनल आणि फायनलला चक्क फॉरवर्ड म्हणून उतरवलं. (आजचा डॉक्टर असं खेळू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) फायनलला समोर पुन्हा दक्षिण कोरिया, आणि स्टेडियममधली गर्दी भारताविरुद्ध. पी. के. बॅनर्जींनी एक गोल केला, दुसरा जर्नेलसिंग यांनी. २-१, सुवर्णपदक. त्या वेळी रहीमसाहेबांना कॅन्सर होता. जून १९६३ मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

खेळाडूला हिंमत देणं म्हणजे जोशपूर्ण भाषण, असं आपण समजतो. भाषणाचा असर दहा मिनिटं टिकतो. ‘कोचने माझ्यासाठी जागा शोधली’ हा भरवसा मात्र पोराला दुसऱ्या दिवशीही मैदानावर आणतो.

आता आपल्या मोहल्ल्याचं बघा. रविवारी अकरा जण खेळतात, पंधरा जण कडेला बसून चेंडू आणून देतात. महिन्याभरात त्यातले निम्मे यायचे बंद होतात आणि आपण म्हणतो, पोरांना खेळात रसच नाही. मुलींना तर कुणी विचारतही नाही.

तुमच्यात जे पोरांना शिकवतात, त्यांनी येत्या रविवारी एक सामना फक्त कच्च्या पायाने खेळवावा. आणि त्या दिवशी कडेला बसणाऱ्यांना आधी उतरवा.