हजेरीच्या वहीत आपलं नाव
(बदनापूर येथे बांधकाम मजूर बायांच्या बैठकीत केलेले भाषण)

बायांनो,

दिवसभर घमेली वाहून तुम्ही इथं आलात, म्हणून लांबण लावत नाही. मी वकील नाही. अकरा वर्षं मीही बिगारी काम केलं. मजुरी बुडाली तेव्हा कायदा शिकावा लागला.

बदनापूरजवळच्या एका कामावर मी नि माझा नवरा 'जोडी' म्हणून होतो. बाजारापुरती खर्ची मिळायची, बाकी हिशेब स्लॅब पडल्यावर. स्लॅब पडला. ठेकेदार म्हणाला, "बिल निघालं नाही." दोन महिने हेच उत्तर. शेवटी आम्ही अर्ज केला. साहेबांनी हजेरीची वही मागवली. वहीत नवऱ्याचं नाव होतं, पुढं लिहिलं होतं 'जोडी'. माझं नाव कुठंच नव्हतं. तडजोडीत त्याचे अर्धे पैसे मिळाले. माझे आजपर्यंत मिळाले नाहीत.

ही लूट जुनी आहे. दिल्लीत एशियाड खेळांची बांधकामं चालली होती. किमान मजुरी रोज 9 रुपये 25 पैसे. मधला जमादार त्यातला रुपया कापतो आणि बायांना तर 7 रुपयेच देतो, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. 1982 साली न्यायालयानं सांगितलं, किमान मजुरीपेक्षा कमी पैशात राबवून घेणं ही वेठबिगारीच आहे. पोटाची आगसुद्धा माणसावर सक्तीच करते, हे न्यायालयानं मान्य केलं.

आता आजचा कायदा. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली. किमान वेतनाचा, वेळेवर वेतनाचा, समान वेतनाचा असे जुने वेगवेगळे कायदे तिच्यात आले. त्यातलं एवढं ध्यानात ठेवा.

रोजंदारी असेल तर मजुरी त्याच दिवशी पाळी संपताना द्यायची. आठवड्याची असेल तर सुट्टीच्या आधी. महिन्याची असेल तर पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत. कामावरून काढलं किंवा आपण सोडलं, तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब. "बिल निघालं नाही" हे कारण कायद्यात नाही.

सारख्या कामाला बाई म्हणून कमी मजुरी देता येत नाही.

पैसे बुडाले तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. आपण स्वतः, आपली नोंदलेली युनियन किंवा निरीक्षक अर्ज करू शकतो. अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे द्यायचा ते जालन्याच्या कामगार कार्यालयात विचारा. बुडालेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावण्याचा त्याला अधिकार आहे. तरीही मालकानं दिले नाहीत, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. मुकादम पळाला म्हणून ज्या कंपनीचं काम होतं ती सुटत नाही.

आणि मोठी गोष्ट ही, की पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. पण बाई कामावर होती, हेच जर तो नाकारू लागला तर? 'जोडी' हा शब्द त्याला तीच वाट करून देतो.

म्हणून माझं सांगणं एकच. कामावर पहिल्या दिवशी मुकादमाला म्हणा, "माझं नाव वेगळं लिही, माझी मजुरी माझ्या हातात दे." घरी आपली वही ठेवा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा. तारीख, जागा, काम, किती तास, कोण मुकादम, खर्ची किती मिळाली. कामावरच्या पाटीचा मोबाईलवर फोटो काढा. सोबतच्या दोघीतिघींची नावं लिहा, उद्या त्याच साक्षीला येतील.

पहिल्यांदा नाव सांगताना जीभ अडखळेल. नवरासुद्धा म्हणेल, "वेगळं कशाला?" त्याला सांगा, घमेलं मी वेगळंच उचलते.