घाटाची उतरण आणि ब्रेकची डिस्क



मोटार विकत घेतांना ती किती वेगानें पळते हें आपण हटकून विचारतों; ती किती लवकर थांबते हें मात्र क्वचितच विचारतों. पुण्यांत राहणाऱ्या माणसानें तरी हा दुसरा प्रश्न आधीं विचारावयास हवा. आपलें शहर पठारावर वसलेलें आहे. कोंकणांत जावयाचें म्हणजे खंडाळ्याचा बोरघाट, ताम्हिणी किंवा भोरवरून जाणारा वरंधा यांपैकीं एखादा घाट उतरावाच लागतो. आज मी गाडी थांबविणाऱ्या यंत्राच्या एका लहानशा भागाविषयीं बोलणार आहें. तो भाग म्हणजे जुन्या फोर-बाय-फोर पिकअप गाडीच्या पुढच्या चाकांतली ब्रेकची डिस्क. विषय कारखान्यांतला वाटेल. पण त्याचा संबंध घरांतल्या माणसांशीं कसा पोंचतो, तें माझ्याच अनुभवावरून सांगतों.

माझी पिकअप अठरा वर्षांची आहे. शेतावर खत आणि रोपें नेण्यासाठीं ती मला लागते. कांहीं महिने असें होत होतें कीं, ब्रेक दाबला म्हणजे स्टिअरिंग हातांत थरथरे. हीच थरथर पूर्वीं दोनदां मीं लेथवर डिस्क घासून घेऊन थोडक्या पैशांत घालविली होती, आणि नव्या डिस्कचे पैसे वांचविल्याचें मला समाधानही वाटलें होतें. म्हणून या वेळीं मी निश्चिंत होतों. अशांत एके दिवशीं आईला घेऊन माणगांवला लग्नास निघालों. मागच्या हौद्यांत लग्नघरचें सामान होतें. ताम्हिणी घाट अर्धा उतरल्यावर कांहींतरी करपल्याचा वास येऊं लागला. पुढच्या वळणावर ब्रेकचें पेडल पायाखालीं मऊ लागलें. त्याच्या पुढच्या वळणावर तें जवळजवळ तळाला टेकलें. मीं गाडी खालच्या गिअरमध्यें घातली, हँडब्रेक बेताबेतानें ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या मातींत ती कशीबशी थांबविली. आई क्षणभर गप्प राहिली, मग एवढेंच म्हणाली, "थांबली ना? आतां का थांबत नव्हती तें शोध."

तें कारण समजण्यास थोडा हिशेब करावा लागेल. ब्रेक गति नाहींशी करतो अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो गतीची उष्णता करतो. दोन टन वजनाची गाडी ताशीं साठ किलोमीटर वेगानें जात असतां थांबविली, तर तेवढ्या उष्णतेंत जवळजवळ एक लिटर गार पाणी उकळेल. आतां खंडाळ्याहून खोपोलीस उतरा. उंचींतला फरक सुमारें ५०० मीटरांचा. ही सारी उतरण केवळ ब्रेकवर केली, तर निर्माण होणारी उष्णता सुमारें तीस लिटर पाणी उकळण्यास पुरेल. म्हणजे एक भला मोठा तांब्याचा बंब! हा बंब चाकांच्या आंत पेटत असतो, आणि त्याचा मुख्य भार पुढच्या दोन चाकांवर पडतो. कारण ब्रेक लावतांच गाडीचें वजन पुढें झुकतें, आणि उतरणीवर तर तें आधींच पुढें कललेलें असतें.

ही उष्णता झेलावयाची कोणीं? चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या जाड चकतीनें, म्हणजे डिस्कनें. तिला दोन्ही बाजूंनीं पॅड चिमटींत धरतात. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज यंत्रज्ञानें अशा ब्रेकचें पेटंट १९०२ सालींच घेतलें होतें. परंतु त्याचा खरा बोलबाला झाला तो १९५३ सालीं, जेव्हां फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीनें जिंकली. डिस्क उघडी असते, वारा तिला लागतो आणि ती लवकर निवते, हा तिचा मोठा गुण. पण निवण्यापूर्वीं उष्णता सांठवून धरावी लागते, आणि ही सांठवण डिस्कच्या जाडीवर अवलंबून असते. पातळ तवा लवकर तापतो, जाड तवा उशिरां तापतो, हें स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या कोणालाही सांगावयास नको.

माझ्या गाडीचें रहस्य हेंच होतें. लेथवर घासून घासून मीं माझा तवा पातळ केला होता. तो भराभर तापला. ती उष्णता कॅलिपरमधल्या ब्रेक ऑइलपर्यंत पोंचली. हें ऑइल हवेंतली ओल शोषून घेतें. डॉट तीन या जातीचें नवें ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. तेंच पाणी मुरलेलें असल्यास ही मर्यादा १४० अंशांवर येते. माझें ऑइल कित्येक वर्षांत बदललेलें नव्हतें. तें उकळलें, नळींत वाफ झाली, आणि वाफ दाबली जात असल्यामुळें पायाचा जोर चाकापर्यंत पोंचेना.

पुण्यास परतल्यावर मीं ही हकीकत कोथरूडच्या एका वृद्ध मिस्त्रींना सांगितली. त्यांनीं चाक काढून मायक्रोमीटर लावला. डिस्कच्या कडेवर कमींत कमी जाडीचा आंकडा कोरलेला असतो. माझ्या डिस्कवर तो २४ मिलिमीटर होता आणि प्रत्यक्ष जाडी भरली २३.४. मीं विचारलें, "आणखी एकदां लेथवर लावली तर?" मिस्त्री म्हणाले, "साहेब, लेथवर डिस्क सरळ होते, जाड होत नाहीं." माझ्या दोन वेळच्या काटकसरीचा निकाल त्या एका वाक्यांत लागला.

नाना पेठेंत मोटारीचे सुटे भाग मिळतात हें पुणेकरांस ठाऊक आहेच. तेथें नव्या डिस्क आणावयास गेलों, तेव्हां "एकच खराब असेल तर एकच बदला" असा सल्लाही मिळाला. तो मानूं नये. एका चाकाची डिस्क नवी आणि दुसऱ्याची झिजलेली असली, तर दोन्ही बाजूंची पकड सारखी राहत नाहीं व गाडी एका अंगाला ओढूं लागते. डिस्क जोडीनें बदलाव्या आणि पॅडही त्यांच्याबरोबर नवे घालावे.

हें काम मीं मिस्त्रींच्या शेजारीं बसून पाहिलें. सपाट जमिनीवर मागच्या चाकांना उटी लावली. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वींच ढिले केले. जॅकनें गाडी उचलून ती लोखंडी स्टँडवर टेकविली, कारण केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात घालणें म्हणजे जिवाशीं खेळणें होय. कॅलिपर काढल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळत न सोडतां तारेनें वर बांधला. झाडूनें किंवा फुंकरीनें ब्रेकची धूळ उडविली नाहीं, ओल्या फडक्यानें पुसली. जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असूं शकतो आणि तो फुफ्फुसांस घातक आहे.

साध्या मोटारींत बहुधा येथून पुढें डिस्क सहज हातीं येते. पुष्कळशा जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांत तसें नसतें. तेथें डिस्क हबच्या मागच्या बाजूस बोल्टांनीं जखडलेली असते. म्हणून आधीं लॉकिंग हब, मग नट, मग बाहेरचें बेअरिंग असें एकेक उतरवून सगळा हबच बाहेर काढावा लागतो. मजुरी वाढते ती यामुळें. पण त्याच खर्चांत बेअरिंगें रॉकेलनें धुऊन, तपासून, नवें ग्रीस आणि नवें सील घालून घेतां येतात. हबवरचा गंज तारेच्या ब्रशनें पुरता काढला. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क किंचित् तिरपी बसते आणि तीच थरथर कांहीं महिन्यांनीं परत येते. डिस्क घट्ट केल्यावर डायल गेज लावून ती डोलत नाहीं याची खात्री केली. नव्या डिस्कवरचें गंजरोधक तेल पुसलें, ब्रेक ऑइल संपूर्ण बदललें, आणि गाडी हलविण्यापूर्वीं पेडल घट्ट होईपर्यंत दाबलें. ही शेवटची गोष्ट विसरल्यास पहिला ब्रेक लागतच नाहीं.

एक गैरसमज येथें दूर केला पाहिजे. चारी चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, म्हणून अशी गाडी उतरणीवरही अधिक सुरक्षित, असें पुष्कळांना वाटतें. मलाही वाटत असे. तो जोर चिखलांतून आणि चढावरून बाहेर काढण्यासाठीं आहे. ब्रेक तर प्रत्येक मोटारीच्या चारी चाकांना असतातच. आणि ही गाडी वजनानें जड, म्हणजे तिच्या डिस्कवर उष्णतेचा बोजा अधिकच. मात्र तिच्या खालच्या गिअरांचा घाटांत मोठा उपयोग होतो. ज्या गिअरमध्यें घाट चढावयाचा, त्याच गिअरमध्यें तो उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आहे. त्यामुळें उष्णतेचा बराच वांटा इंजिन उचलतें.

बोरघाटांतून आगगाडी १८६३ सालीं धांवूं लागली. तेथें घाट उतरणाऱ्या गाडीस ठराविक जागीं थांबून ब्रेक ताब्यांत असल्याचें सिद्ध करावें लागतें. ती थांबली नाहीं तर तिला वळवून घेण्यासाठीं चढावर जाणारा स्वतंत्र रूळ, कॅच सायडिंग, टाकलेला असतो. ब्रेक चांगला आहे असें समजून चालूं नये, तो पाहून घ्यावा, असा या व्यवस्थेचा अर्थ. आपल्या मोटारीच्या वाटेवर असा रूळ कोणीं टाकलेला नसतो. आपली तपासणी घरून निघण्यापूर्वींच झाली पाहिजे.

काटकसर हा आपल्या घरांचा जुना गुण आहे, आणि तो सोडावा असें मी म्हणत नाहीं. परंतु कांहीं वस्तूंची झीज डोळ्यांना दिसत नाहीं. ती मोजावीच लागते, आणि मोजून आलेला आंकडा आपल्या सोयीसाठीं बदलत नाहीं. महिनाभरानें मी आईला घेऊन पुन्हां त्याच घाटानें उतरलों. त्या मातीच्या कडेपाशीं पोंचतांच तिनें एकदां माझ्या पायाकडे पाहिलें, आणि मग खिडकीबाहेर पाहूं लागली.