भैरवीपर्यंत थांबायचं आहे

(परळ येथे तरुण मुली आणि कार्यकर्त्या यांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या बैठकीचा विषय कळवला तेव्हा दोघीतिघींनी मला विचारलं, "ताई, गाण्याचे कार्यक्रम, एकटीचे प्रवास, स्वतःचं कर्तृत्व, हा काय विषय झाला? आपल्याकडे मारहाणीच्या आणि पोटगीच्या केसेस पडून आहेत. अशा वेळी मैफलींवर काय बोलायचं?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं, त्यातही मुलीच्या हौसेला कुठे जागा नव्हती. मुलगी संकटात सापडली की तिचा विचार करायचा, एवढंच आम्ही शिकलो. एका मुलीने मला हा विचार पुन्हा तपासायला लावला. तिच्यापासूनच सुरुवात करते.

ही मुलगी लालबागला राहते. तिच्या संमतीने सांगते आहे, नाव मात्र सांगत नाही. वय एकवीस. चाळीत दहा बाय बाराची खोली, माणसं पाच. आजोबा गिरणीत होते, वडील खाजगी नोकरी करतात. ती कॉलेज करून शिकवण्या घेते आणि त्या पैशांतून गाणं ऐकायला जाते. एके दिवशी तिचे वडील आमच्याकडे आले. हातात तिची एक वही होती, भावाला सापडलेली. म्हणाले, "ताई, ती तुमचं ऐकते. जरा समजवा. रात्रीअपरात्री कार्यक्रमांना जाते. चाळीत लोक बोलतात."

ती वही मी उघडली नाही, तिची तिला परत दिली. पण त्याच बैठकीत मी तिला म्हटलं, "साडेनऊच्या आत घरी येत जा, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही." मला वाटलं, मी छान समेट घडवून आणला.

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आली आणि वही तिनेच मला वाचून दाखवली. प्रत्येक पानावर एका कार्यक्रमाची नोंद होती. तारीख, सभागृह, कोण गायलं, काय गायलं, तिकीट किती, घरी कशी परतले. प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर, माटुंग्याचं कल्चरल सेंटर, गिरगावचं ऑपेरा हाऊस. एकदा ती सवाई गंधर्व महोत्सवासाठी पुण्यालाही जाऊन आली, घरी कॉलेजची सहल सांगून. तीन वर्षांत सत्तावीस कार्यक्रम. आणि जवळजवळ प्रत्येक नोंदीच्या शेवटी एकच वाक्य : "मध्येच उठले." "मध्यंतरानंतर निघाले." "९.१० ला निघाले."

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, मैफल भैरवीने संपवतात. मी समोर बसून भैरवी अजून एकदाही ऐकलेली नाही. तुम्ही म्हणता ते साडेनऊ मी तीन वर्षं पाळतेच आहे."

मैत्रिणींनो, मला त्या दिवशी लाज वाटली. मी संघटनेची कार्यकर्ती. पण घरातला पहारा मी फक्त गोड शब्दांत पुढे चालवला होता.

आता या 'साडेनऊ'चा विचार करू. आपण म्हणतो, रात्र वाईट, काळ वाईट. पण याच लालबागमध्ये गणपतीच्या दहा दिवसांत काय होतं? पहाटे दोन-तीन वाजता आपल्या मुली रांगेत उभ्या असतात. तोच रस्ता, तीच मुलगी, धक्काबुक्की करणारी गर्दी कितीतरी जास्त. त्या दहा दिवसांत कुणाचे वडील आमच्याकडे येत नाहीत. देवासाठी रात्र चालते. कुणी आजारी असेल तर के.ई.एम.मध्ये मुलीने रात्रभर बसलेलंही चालतं. ती स्वतःच्या आनंदासाठी बाहेर राहिली की मात्र रात्र वाईट होते. म्हणजे हरकत तिच्या बाहेर असण्याला नाही, ती कशासाठी बाहेर आहे याला आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न खोटा आहे, असं मी म्हणत नाही. २२ ऑगस्ट २०१३ ला महालक्ष्मीजवळच्या शक्ती मिलमध्ये एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. आपल्या गिरणगावात, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात. त्यानंतर कित्येक घरांत मुलींच्या येण्याजाण्याच्या वेळा आणखी कमी झाल्या. पण आठवून पाहा. ती संध्याकाळची वेळ होती. ती एकटी नव्हती, सहकारी बरोबर होता. ती मौज करायला गेली नव्हती, कामावर होती. घरातले सगळे नियम तिने पाळले असते, तरी ती वाचली असती का? दुसरी गोष्ट. राष्ट्रीय गुन्हे नोंदींत वर्षानुवर्षं हेच दिसतं की बलात्काराच्या नोंदवलेल्या प्रकरणांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी मुलीच्या ओळखीचे असतात. कधी नात्यातले, कधी शेजारचे. आपल्या केसेसही तेच सांगतात. म्हणून मुलीला साडेनऊला घरात आणलं की ती सुरक्षित झाली, हा हिशेब खरा नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रिया सार्वजनिक जागा कशा वापरतात याचा काही वर्षं अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं 'व्हाय लॉयटर?' हे इंग्रजी पुस्तक २०११ साली आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बाईला शहरात कामाशिवाय, कारण न सांगता वावरता आलं पाहिजे; आणि धोका पत्करायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क तिचा असला पाहिजे. एखादीवर हल्ला झालाच, तर "तू तिथे गेलीसच कशाला?" असं विचारायचा अधिकार कुणाला नाही.

हा प्रश्न आजच्या मुलींनी काढलेलं नवं खूळ नाही. मोगूबाई कुर्डीकरांचं उदाहरण घ्या. १९०४ साली गोव्यातल्या कुर्डी गावात त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. लहान वयात नाटक कंपन्यांतून कामं केली, पुढे उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकण्यासाठी मुंबईला आल्या. मधल्या काळात तालीम बंद पडली, दुसऱ्या गुरूंकडे जावं लागलं, पण त्यांनी विद्या सोडली नाही. १९३९ साली पती वारले. पदरात तीन मुलं होती. गाण्यावर आणि शिकवण्यांवर त्यांनी घर चालवलं. त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकर आईमागे तानपुरा घेऊन प्रवास करीत. त्या प्रवासांबद्दल त्यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे : रेल्वेचा तिसरा वर्ग, तुटपुंजी बिदागी, कुणाच्या तरी घरी उतरण्याची सोय, आणि गायिका म्हणून मिळणारी हलकी वागणूक. पुढे किशोरीताई आपल्या अटींवर गायल्या. त्यांना 'तापट' म्हणणारे पुष्कळ होते. आईचा अपमान डोळ्यांनी पाहिलेल्या मुलीने मान मागितला, एवढाच त्याचा अर्थ मी लावते. मोगूबाईंना १९७४ साली पद्मभूषण मिळालं, किशोरीताईंना २००२ साली पद्मविभूषण.

इथे जातीची गोष्ट विसरून चालणार नाही. मोगूबाई, केसरबाई केरकर अशा कितीतरी गायिका गोव्याच्या कलावंत समाजातून आल्या. चारचौघांत गाणारी बाई ती 'तसलीच', असं समाजाने ठरवून टाकलं होतं. त्यांचं गाणं हवं होतं, पण प्रतिष्ठा द्यायची नव्हती. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली सुरू केल्या. स्त्रीने सभागृहात प्रतिष्ठेने बसून गावं, हे लोकांच्या अंगवळणी पाडण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. दुसऱ्या बाजूला 'घरंदाज' बायका. गिरगावात गणेशोत्सवात रस्त्यावर मैफली व्हायच्या, आणि त्यांतल्या बऱ्याचजणी त्या चाळीच्या गॅलरीतून ऐकायच्या. एकीला गाण्याची किंमत मोजावी लागली, दुसरीला ऐकण्याची सोय कुंपणाआडून मिळाली. कुंपण घालणारी व्यवस्था एकच. आजही 'तसल्या मुली' हा शब्द ऐकू आला की मला ही विभागणी आठवते.

केसरबाईंची एक गोष्ट त्या मुलीला मी सांगितली. १९७७ साली व्हॉयेजर ही दोन अंतराळयानं अमेरिकेने सोडली. त्यांच्यावर पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत असलेली एकेक सोनेरी तबकडी आहे. भारताकडून तिच्यावर केसरबाईंचं गाणं आहे, आणि ते भैरवीतलं आहे. यानं निघाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई वारल्या. २०१२ साली पहिलं व्हॉयेजर आंतरतारकीय अवकाशात पोचलं. हे ऐकून ती मुलगी हसली. म्हणाली, "भैरवी इतकी लांब गेली, आणि मला प्रभादेवीहून लालबागला आणता येत नाही."

आता वर्गाचा प्रश्न. गिरणगावातल्या बाईला विरंगुळा कधी मिळाला? ती गिरणीत वाइंडिंगला होती, किंवा घरी खानावळ चालवत होती. शंभर माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या त्या बायकांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे कित्येक घरं बायकांच्या कमाईवर जगली. त्याच गिरण्यांच्या जागी आता मॉल आहेत, ऑफिसं आहेत. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ पासून काही वर्षं 'ब्ल्यू फ्रॉग' ही संगीताची जागा होती. आजोबांनी जिथे पाळी केली त्या गिरणगावात नातीला गाणं ऐकायला तिकीट परवडत नाही, आणि परवडलं तर वेळ परवडत नाही. विरंगुळा हा श्रीमंत बायकांचा विषय आहे असं म्हणून आपण तो सोडून दिला, तर आपणच त्यांना तो बहाल केला असं होईल.

मी पुन्हा तिच्या घरी गेले. या वेळी आईशी बोलले. त्या म्हणाल्या, "मी गाणं नेहमी भांडी घासताना ऐकलं. बसून कधी ऐकलं नाही. तिने जावं असं मलाही वाटतं. पण ती उशिरा आली की दार मी उघडायचं, जेवण मी गरम करायचं, आणि पहाटे पाण्याला मीच उठायचं." मैत्रिणींनो, हे फार महत्त्वाचं आहे. मुलीचं स्वातंत्र्य आईच्या झोपेतून वजा होत असेल, तर तो आपला मार्ग नव्हे. तिथेच बसून ठरलं. मुलीकडे किल्ली राहील. तिचं जेवण ती स्वतः घेईल. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी पाणी भाऊ भरेल. भाऊ कुरकुरला. वडील अजूनही अशा दिवशी तिच्याशी बोलत नाहीत. सगळं सुरळीत झालं, असं मी सांगणार नाही. पण वहीत नवी नोंद आहे, ती तिने मला दाखवली : "भैरवी ऐकली. ११ ला घरी. दार मीच उघडलं."

शेवटी कर्तृत्वाबद्दल. इथे बसलेल्यांपैकी कितीजणींनी गाण्याच्या परीक्षा दिल्या आहेत? विशारद झालेल्या किती बायकांची प्रमाणपत्रं ट्रंकेत आहेत! मुलगी बघायला आले की 'गाणं म्हण', आणि लग्न झालं की 'आता पुरे'. आपण दुसरीच्या दुःखाची नोंद ठेवायला शिकलो. स्वतःच्या आनंदाची आणि यशाची नोंद ठेवायला संकोचतो, कारण 'मी' म्हणणारी बाई आगाऊ ठरते. त्या मुलीची वही मला म्हणूनच मोलाची वाटते.

चार गोष्टी आपण करू या. पहिली, प्रत्येकीने अशी वही ठेवावी : कुठे गेले, काय पाहिलं, काय जमलं, आणि मध्येच का उठावं लागलं. ती शेवटची ओळ आपल्या कामाचा कच्चा माल आहे. दुसरी, महिन्यातून एक संध्याकाळ गटाने कार्यक्रमाला जायचं, आयांसकट, आणि शेवटपर्यंत थांबायचं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे. वर्षातून एक प्रवास तरी माहेर, लग्न, देवदर्शन यांखेरीज करू. तिसरी, सभागृहांबाहेर दिवे, रात्रीच्या बसफेऱ्या आणि उघडी स्वच्छतागृहं यांसाठी वॉर्ड ऑफिसात अर्ज देऊ. 'राइट टू पी'च्या मैत्रिणी २०११ पासून मुताऱ्यांसाठी लढत आहेत, त्यांना साथ देऊ. चौथी कार्यकर्त्यांसाठी, म्हणजे आधी माझ्यासाठी : कुणाचे वडील 'जरा समजवा' म्हणत आले, तर कुणाला समजवायचं, हे आधी नीट ठरवू.

मारहाणीच्या केसेस आपण लढतोच आहोत, लढत राहू. पण मार थांबला म्हणजे बाईचं आयुष्य सुरू झालं असं होत नाही. पुढच्या बैठकीला येताना वह्या घेऊन या.