रेघ कुठे न्यायची, हे मुलाला ठरवू द्या

(जोगेश्वरी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



स्नेहसंमेलन जवळ आलं की विशेष मुलांच्या शाळेत गाण्याचे तास वाढतात. संमेलन पार पडलं की ते पुन्हा अक्षरओळख आणि बेरजेकडे वळवले जातात. पालक आम्हाला विचारतात, "बाई, चित्रं काढून याचं काय होणार? आधी सही तरी करता येऊ दे." त्या प्रश्नामागची काळजी मी जाणते. पण या मुलांना शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत आणि त्या बळावर दोन गोष्टी सांगते. सहीकडे जाणारी वाट बऱ्याचदा चित्रातूनच जाते. आणि ती सहीपर्यंत पोचली नाही, तरी चित्रावरचा त्या मुलाचा हक्क तसूभरही कमी होत नाही.

ठिपक्यांची रांगोळी घ्या. ठिपका ठेवायला अंगठा आणि दोन बोटांची चिमूट लागते. पेन्सिल धरायलाही तीच लागते. ओळ डावीकडून उजवीकडे जाते, ठिपके मोजावे लागतात, रेघ कुठे सुरू करायची आणि कुठे थांबवायची हे आधी डोळ्यांनी ठरवावं लागतं. लेखनपूर्व तयारीचा सगळा अभ्यास यात आला.

आमच्या वर्गातल्या एका गतिमंद मुलीला चिमूट जमत नव्हती. रांगोळी मुठीतून भसकन सांडायची. तिला आधी परातीतल्या रव्यात बोटं फिरवू दिली, मग चिमटीतून ताटलीत मीठ सोडायला दिलं, मग पाटावर खडूने आखलेल्या चौकटींत ठिपके. ठिपके जोडायला लागल्यावर एके दिवशी तिने रेघ माझ्या नमुन्यातल्यापेक्षा वेगळ्याच ठिपक्याकडे नेली. मी अडवलं नाही. ती मागे सरकली, बघत राहिली आणि मग दुसऱ्या बाजूलाही तशीच रेघ ओढली. नमुन्यात नसलेला तोल तिने स्वतः साधला होता. आखलेल्या अक्षरांवर महिनोन् महिने गिरवताना असा निर्णय घ्यायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. या मुलांचं सगळं दुसरे ठरवतात: काय खायचं, कधी उठायचं, कुठे बसायचं. कलेच्या तासाला मूल ठरवतं आणि आपण पाहतो. हे सुंदर, हे नको, इथे अजून लाल हवा, असं म्हणणं म्हणजे सौंदर्यदृष्टी. ती बुद्ध्यांक विचारून येत नाही.

संगीताचंही तसंच. भजनात ध्रुवपद फिरून फिरून येतं. आता आपली पाळी, हे लय आधीच सांगते. पुढे काय होणार हे कळलं की अनेक स्वमग्न मुलं निवांत होतात; एरवी गप्प असणारं मूल ध्रुवपदावर सूर लावतं. मात्र ढोलाचा दणका काही मुलांना अक्षरशः सहन होत नाही. त्यांना लांब बसवावं, हातात लहान टाळ द्यावेत आणि उठून जायची मोकळीक द्यावी. कर्णबधिर मुलाला ढोलाच्या पानावर तळहात ठेवू द्यावा किंवा लाकडी फळीवर अनवाणी उभं करावं. ताल त्याच्या अंगात चढतो. साधन तेच, वाट प्रत्येकाची निराळी. विशेष शिक्षकाचं कसब ही वाट शोधण्यात आहे. कला हे औषध नव्हे. फिजिओथेरपी किंवा वाचा-उपचार यांची जागा ती घेत नाही. त्यांच्या जोडीने चालते.

मुलाची वाट शोधून शिकवण्याच्या या विचाराला मोठी परंपरा आहे. मारिया माँटेसरींनी रोममध्ये आधी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम केलं. त्या मुलांना बोट फिरवता यावं म्हणून त्यांनी लाकडी अक्षरं करून घेतली. १९०७ साली निघालेल्या त्यांच्या बालगृहात त्याच कल्पनेतून पॉलिशपेपरची खरखरीत अक्षरं आली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं, त्याच्या मुळाशीही माँटेसरींचा विचार होता. म्हणजे विशेष मुलांसाठी शोधलेली वाट पुढे सगळ्यांच्या बालवाडीची झाली. व्हिएन्नातले कलाशिक्षक व्हिक्टर लोवेनफेल्ड अंध मुलांना मातीकाम शिकवत. शरीराचा जो भाग आतून तीव्रतेने जाणवतो तो ही मुलं मोठा घडवतात, असं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी त्याला चूक म्हटलं नाही; जग अनुभवण्याची ती एक रीत आहे, असं १९३९च्या पुस्तकात मांडलं.

२००७च्या 'तारे जमीन पर'मुळे डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला, हे त्या चित्रपटाचं ऋण. पण त्यातला डिस्लेक्सिया असलेला मुलगा, ईशान, चित्रस्पर्धा जिंकतो, म्हणून "आमच्या मुलातही काहीतरी लपलेलं असेल ना?" असं आईवडील आशेने विचारू लागले. असेल किंवा नसेल. बक्षीस मिळवल्यावरच मुलाची किंमत कळावी, हे मला मान्य नाही. बाकीची मुलं बेसूर गातात, वेडंवाकडं रंगवतात आणि तरी त्यांना चित्रकलेचा तास असतोच. तोच न्याय इथेही हवा.

कायदाही हेच सांगतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वं मान्य केली आणि त्याच्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवनाचा हक्क दिला. कला सर्वांच्या आवाक्यात आणणं, कलाविषयांच्या अभ्यासक्रमांची फेररचना करणं ही सरकारची आणि स्थानिक प्रशासनाची जबाबदारी ठरवली.

आता आपल्या जोगेश्वरीचं बोलू. सहाव्या शतकातली शैव लेणी आपल्या दारात आहेत. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर लागणारा गारवा, अंधाराला सरावणारे डोळे, घुमणारा आवाज, एकामागून एक मोजत जाता येतील असे खांब. शिल्पांना हात न लावता इथे उजेड-अंधार, गार-गरम, मोठा-लहान आवाज असे कितीतरी पाठ घेता येतात. पण आत जायला लांब पायऱ्या उतराव्या लागतात आणि चाकाच्या खुर्चीतलं मूल वरच थांबतं. कलम २९ प्रत्यक्षात कुठे अडतं, ते या पायऱ्यांपाशी दिसतं. चाकाच्या खुर्चीतल्या मुलालाही आत जाता यावं, ही मागणी आपण नागरिकांनी लावून धरायला हवी.

बाकीचं आपल्याच हातात आहे. गणेशोत्सव मंडळांनी लेझीम पथकात या मुलांसाठी संथ लयीची एक रांग ठेवावी आणि सजावटीच्या कामात त्यांना रंग निवडू द्यावेत. चित्रकलेचे क्लास घेणाऱ्यांनी एकेक जागा राखावी. घरी आईवडिलांनी दोन खडू पुढे धरून "कुठला?" असं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं, नजरेने दिलेलं उत्तरही उत्तरच असतं. आणि शाळेत कलेचा तास, त्या तासाला जाणता शिक्षक आणि साहित्य मागायला अशा मुलाच्या आईला एकटीला पाठवू नका. शेजारी म्हणून तुम्हीही सोबत चला. एका आईची विनंती बाजूला ठेवली जाऊ शकते. साऱ्या वस्तीने केलेली मागणी ठेवता येत नाही.